अपेक्षित आयुर्मान

माझा आलेख दोनच खांबांवर संपला. वर्गातल्या बाकी सगळ्यांचे आलेख पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले होते. निवृत्तीनंतरच्या प्रत्येक वर्षाला एक निळा खांब, कोणाचे बावीस, कोणाचे सत्तावीस. माझ्या बाबांच्या नावासमोर मात्र दोन खांब उभे राहिले आणि पुढे नुसता पांढरा पडदा. हिमानी मॅडमनी आधी प्रोजेक्टरची वायर हलवून पाहिली. मग माझा फॉर्म उघडला, बोट खाली खाली आणत सातव्या रकान्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "प्रणाली, अपेक्षित आयुर्मान चौसष्ट लिहिलंयस. चौऱ्याऐंशी म्हणायचं होतं ना?" मी हो म्हणणारच होते. सहाच्या जागी आठ केला असता तर पुढचे वीस खांब आपोआप उगवले असते आणि वर्ग पुढे सरकला असता. पण फॉर्म बाबांनी स्वतःच्या हाताने भरला होता. मी तो सकाळी नागपूरला जाताना बसमध्ये मोबाइलवर उतरवून घेतला होता, सावनेरला गाडी बराच वेळ थांबली होती तेव्हा. बोटांनी चौसष्ट टाइप केलं आणि माझं लक्ष खिडकीबाहेर केळी विकणाऱ्या बाईकडे होतं. बापाच्या मरणाचं वय मी टाइप केलं आणि मला कळलंही नाही. मॅडमना मी सांगितलं, "क्लायंटला परत विचारून येते." आम्हाला घरच्या माणसालाही क्लायंटच म्हणायला शिकवतात. त्या दिवशी त्या शब्दाने मला जरा वाचवलं.

वैयक्तिक वित्त नियोजन आणि सल्ला असं आमच्या अभ्यासक्रमाचं नाव आहे. आई शेजारीपाजारी सांगते, "पोरगी बँकेचं शिकून राहिली," आणि मी ते दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलंय. खरं सांगायचं तर पैसा हा विषय मला फारसा आवडत नाही. मला माणसं पैशाबद्दल बोलायला लागली की त्यांचा आवाज का बदलतो, याचं कुतूहल आहे. पहिल्या सत्रात आम्ही एकमेकांची धोका पत्करण्याची तयारी तपासली होती, पंचवीस प्रश्न आणि शेवटी गुण. माझा जोडीदार होता पांढुर्ण्याचा अभिजीत. हा गडी दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेला, जाम नदीच्या पात्रात उतरतो, डाव्या भुवईवर सात टाक्यांची खूण आहे, आणि त्याचा निकाल आला 'अतिसावध'. मॅडम चकित झाल्या. अभिजीत म्हणाला, "मॅडम, गोटा येताना दिसते तरी. शेअर कुठून येते ते दिसत नाही." वर्ग हसला. मी घरी येईपर्यंत त्या उत्तराचा विचार करत होते. माणूस कशाला भितो आणि कशाला भीत नाही याचा त्याच्या डोक्यात काहीतरी हिशेब असतो, आणि तो आपल्याला बाहेरून कधीच दिसत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, हे मोठं गमतीचं शास्त्र आहे.

आलेखाच्या त्या शुक्रवारी परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. जामसांवलीच्या देवळात शनिवारच्या दर्शनाला निघालेले लोक शुक्रवारीच गाडीत चढले होते, त्यांच्या पिशव्या पायाशी, उन्हाने पत्रा तापलेला. आणि माझ्या डोक्यात आकडे उलटे धावू लागले. बाबा आता एकसष्ट. आमच्या राज्यात निवृत्ती बासष्टला, म्हणजे तीस जूनला बासष्ट पूर्ण धरून निवृत्त होणार. चौसष्टला दोन वर्षं. 'दोन वर्षासाठी' हे शब्द मी अलीकडे फार वेळा ऐकले होते. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा मोच्याकडे शिवून आणला, "दोन वर्षासाठी नवी कशाले?" नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका. बाबा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "दोन वर्षासाठी एक डोळा पुरते." मी चिक्कूपणा म्हणून हसले होते, चिडवलंही होतं. आता आणखी मागचं आठवू लागलं. मी सातवीत असताना घराला रंग दिला तेव्हा त्यांनी पेंटरला विचारलं होतं, "चौदा-पंधरा वर्ष टिकन ना?" पेंटर म्हणाला होता, "काका, तवापर्यंत भिंत टिकन का ते पाहा." सगळे हसले होते, बाबाही हसले होते. म्हणजे ते तेव्हाही मोजत होते. मी अंगणात लंगडी खेळत होते, रंगाचा ओला वास येत होता, आणि तो माणूस शिडीखाली उभा राहून आपल्याकडे किती वर्षं उरली ते पेंटरला विचारत होता. 

बाबा म्हणजे मोतीराम सोमकुंवर, सौंसरच्या एका सरकारी शाळेत प्रयोगशाळेचे परिचर. परीक्षानळ्या धुणं, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, मुलांच्या आधी येऊन बर्नर तपासणं, यात तीस-बत्तीस वर्षं गेली. नवे सर लोक आले की आधी बाबांना विचारतात, मग फळ्यावर लिहितात. सध्या चार्ज देणं चाललं होतं. रोज संध्याकाळी ते घरी येऊन किती बीकर मोजले ते सांगत. त्या दिवशी अंगणात खाटेवर बसले होते, पाय धुतलेले, बनियनवर. मी फॉर्म समोर धरला आणि विचारलं, "बाबा, सातव्या रकान्यात चौसष्ट काहून लिहिलं?"

"तूच म्हणे ना, मनानं भरा म्हून. मंग भरलं."

"पण चौसष्टच काहून?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेतलं सोपं काहीतरी विसरले होते. "माहा बाप चौसष्टले गेला. काका चौसष्टले. मोठा भाऊ त्रेसष्टले. आपण काही ज्योतिषबितिष मानत नाही पोरी, अन मी मानूनही नाही राहिलो. तीन नमुने घेतले, तिन्हीचं उत्तर एकच आलं. याले तुह्या कॉलेजात काय म्हणतेत?"

 आम्हाला शिकवलंय, क्लायंट बोलत असला की मध्ये पडू नका.  बाबा खुशीत आले होते, आपला हिशेब समजून घेणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. म्हणाले, पेन्शनीचा एक तृतीयांश भाग विकून टाकतो. विकणं म्हणजे निवृत्त होताना तेवढ्या पेन्शनीचे एकरकमी पैसे उचलायचे आणि पुढची पंधरा वर्षं कमी पेन्शन घ्यायची, पंधरा वर्षांनी ती पुन्हा पूर्ण होते. "आता लाव हिसाब. मी दोन वर्षानं गेलो, तं सरकारनं पंधरा वर्षाचे पैसे देल्ले अन कापले फक्त दोन वर्षाचे. तुह्या मायची फॅमिली पेन्शन तं कमी होतच नाही. त्या पैशात वरचा स्लॅब पडते अन तुहं लग्न होते. माह्यासाठी काहीच ठेवाचं नाही, मंग घाटा कोणाचा? सोमवारी फॉर्म देऊन राहिलो."

मी हिशेब लावला. तो बरोबर होता, हेच वाईट होतं. चौसष्ट खरं धरलं तर माझ्या सॉफ्टवेअरनेही हाच सल्ला दिला असता, हिरव्या अक्षरात. आणि बाबा ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत राहिले तर? कापलेली पेन्शन, पैसा स्लॅबमध्ये गाडलेला, एक डोळा गेलेला, आणि मरायची वाट पाहत अंगणात बसलेला म्हातारा. मला राग आला. इतका हुशार माणूस आणि इतका मूर्ख हिशेब. मी आत गेले तर आई पोळ्या लाटत होती, तिने सगळं ऐकलं होतं. "तुला माहीत होतं?" मी विचारलं. आईने पोळी उलटवली. "लग्न झालं तवाच सांगतलं होतं त्यायनं. मले वाटलं, चौसष्ट लय दूर आहे." मग जरा थांबून म्हणाली, "मी कदी मोजलंच नाही वो. मोजलं असतं तं जेवण गेलं असतं का मले?" आई रडत नव्हती. पोळ्या नेहमीसारख्याच गोल होत होत्या, आणि मला तिचा फार हेवा वाटला.

शनिवारभर मी बाबांची कागदपत्रं चाळत बसले. सल्लागाराने कागद पाहावेत, भावना पाहू नयेत, असं मॅडम म्हणतात. म्हणून मी सेवापुस्तिकेची झेरॉक्स पुन्हा पुन्हा पाहत होते. जन्मतारीख एक जुलै, एकोणीसशे त्रेसष्ट. त्यावर नजर अडकली, कारण मागच्याच महिन्यात हिमानी मॅडमनी वर्गात विचारलं होतं, "तुमच्या भागात सगळे एक जुलैलाच जन्मतात का?" अभिजीतच्या वडिलांची एक जुलै, माझ्या बाबांची एक जुलै, मोहगावच्या एका पोराच्या आई आणि वडील दोघांचीही एक जुलै. आम्ही हसलो होतो, आम्हाला कारण माहीत होतं. त्या काळी पोराला शाळेत घातलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला लावत, कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि शाळा जुलैत उघडते म्हणून तारीख एक जुलै. आमच्याकडे दरवर्षी तीस जूनला निम्मी कार्यालयं रिकामी होतात ती त्या गुरुजींच्या कृपेने. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, पण कामाला कधी आलं नव्हतं. मी अंगणात जाऊन विचारलं, "बाबा, तुमचा खरा जन्म कवाचा?"

"खरा कोणाले लागते?"

"मले लागते. चौसष्ट कुठून मोजता तुमी?"

बाबा हसले. मग हसू ओसरलं, आणि ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. "कान तं लागला होता मले," ते म्हणाले. "पहिल्याच खेपेले लागला. चांगलाच लागला." मग उठून पाणी प्यायला गेले. जाता जाता म्हणाले, "मनकर्णा बाईले मालूम असन."

मनकर्णा म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. मोहगावला राहते, सत्तरीच्या पुढची, दात शाबूत. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा ती गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घालत होती. मला हातात खराटा देऊन चिमण्या हाकलायच्या कामाला लावलं, मग बोलू लागली. मी प्रश्न विचारला आणि तिने एका क्षणाचाही विचार केला नाही. "दीक्षेले मी मायच्या कडेवर होती. तीन वर्षाची. माय सांगे, नागपूरले जाताना मी बैलगाडीत सारी वाट रडली म्हून. त्याच्या दुसऱ्या वर्षी एक पोरगी झाली, ते नाही जगली. अन मंग मोतीराम. दीक्षेच्या चवथ्या वर्षी. मृगाच्या बहाराची तोडी चालू होती, माय संत्र्याच्या बगिच्यातून घरी आली अन रातच्याले हा झाला. होळी जवळ होती." मी बोटांवर मोजलं. दीक्षा छप्पनची. हे साल आमच्या घरात कोणाला विचारावं लागत नाही, त्याच्यावरूनच बाकी सगळी सालं ओळखतात. म्हणजे साठ. एकोणीसशे साठचा फाल्गुन. मी पुन्हा मोजलं. मग खराटा खाली ठेवून तिसऱ्यांदा मोजलं.

"पण शाळेत त्रेसष्ट लिहिलंय आत्या."

"हाव. तो उशिरा गेला ना शाळेत. साडेनऊचा होता, बकऱ्या चारे. गुरुजी म्हणे, कमी लिहितो, नोकरीत कामी येते." आत्या कुरडई उलटी करत म्हणाली, "मोठ्याचे तं पाच वर्ष कमी केले होते."

"म्हणजे मोठे बाबा त्रेसष्टला नाही गेले."

"कायचे त्रेसष्ट! अडुसष्ट-एकोणसत्तरचा होता गडी."

"आणि आजोबा? ते चौसष्टला गेले म्हणतात बाबा."

आत्याने मान वर केली. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. "तुह्या आज्याचं वय कोणाले मालूम, बाप्पा? दवाखान्यात कागद भराले लागले, बाबू म्हणे वय सांगा. कोणालेच येईना. मंग मोतीराम म्हणे, लिहा चौसष्ट. कायचंतरी लिहाच लागते ना. काकाचंही तसंच." आणि ती चिमणीवर ओरडली, कारण मी हाकलायचं विसरले होते.

परतीच्या रस्त्याने मला हसू येत होतं. बाबा पासष्ट पूर्ण करून बसले होते. ज्या वर्षाची ते पेंटरला, मोच्याला, डॉक्टरला सांगत वाट पाहत होते, ते वर्ष येऊन गेलं होतं आणि त्यांना पत्ताही नव्हता. आणि जो आकडा ते बापाकडून आलेला समजत होते, तो त्यांनीच दवाखान्याच्या एका बाबूला गडबडीत सांगितला होता, तीस वर्षांचं पोर असताना, बाप आत खाटेवर असताना. पुढे तो आकडा कागदावर राहिला, कागद घरी आला, आणि घरी आल्यावर तो खरा झाला. मला वाटलं, पोचताच ओरडून सांगावं. मग भीती वाटली. माणूस इतकी वर्षं एका भिंतीच्या आधाराने बसलेला असला आणि आपण ती भिंत काढून घेतली तर तो सावरेल की पडेल, याचा धडा आमच्या पुस्तकात नाही. रामाकोण्याच्या बाजूने ढग नुसतेच येऊन उभे राहिले होते. फॉर्म उद्या जाणार होता, म्हणून सांगायचं तर आजच.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलले, दवाखान्याची गोष्ट आली तेव्हा. "हाव. मीच सांगतलं होतं," ते हळूच म्हणाले. "बाबू पेन घेऊन उभा होता."  आई दारात येऊन उभी राहिली होती. "म्हंजे चौसष्टावं कवा गेलं मंग?" बाबांनी विचारलं.

"चौसष्ट पूर्ण करून वर्ष झालं. आता पासष्टही पूर्ण."

"गेल्या साली काय झालं होतं?" त्यांनी आईला विचारलं.

आई म्हणाली, "कूलरची मोटर जळली होती."

"अन नववीच्या पोरायनं दोन बीकर फोडले होते," बाबा म्हणाले. "बाकी काई नाही." आणि ते हसू लागले, असे की खाट करकरली. आईही हसली, पदर तोंडाला लावून. मग बाबा एकदम थांबले, दाराकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "म्हंजे तीन वर्ष मी जास्तीची नोकरी करून राहिलो? कोणाले सांगू नको बरं." मी शपथ घेतली. सल्लागाराने क्लायंटची गुपितं सांभाळावीत, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

त्यांनी पेन्शनीचा फॉर्म मागून घेतला. एक तृतीयांश खोडलं, त्यापुढे 'निरंक' लिहिलं आणि खोडलेल्या जागी सही केली. स्लॅबचं नंतर पाहू म्हणाले. मग माझा फॉर्म ओढला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवून, उजव्या डोळ्याजवळ कागद नेऊन विचारलं, "इथं आता काय लिहाचं?"

"आमाले पंच्याऐंशी धराले सांगतेत."

"म्हंजे अजून वीस." ते विचार करत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. नव्या सरांनी अवघड प्रयोग मांडला की पोरं बाकावरून वाकून पाहतात, तसं. "वीस वर्षानं तू किती वर्षाची होशीन?"

"पंचेचाळीस."

मी बाबांच्या म्हातारपणाचे दोन आराखडे केले होते, महागाई सहा टक्के धरून, सात टक्के धरून. माझं वय त्यात कुठंच नव्हतं. बाबा माझ्याकडे पाहत होते, माझ्या केसांकडे, कपाळाकडे, हातांकडे, सावकाश.

"माहा बाप गेला तवा मी तीसचा होतो," ते म्हणाले. "पंचेचाळीसचा मी त्याले दिसलोच नाही. एवढ्या मोठ्या लेकरासंग बाप काय बोलते, मले मालूमच नाही पोरी."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. "मलेही नाही मालूम," मी म्हणाले.

"मंग पाहू ना," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पंच्याऐंशी लिहिलं.